हौसामावशींचे वाल आणि नवे पाळक

आमच्या रोह्याच्या मंडळीत नवा पाळक आला, की त्याला पंचांकडून चर्चची किल्ली मिळते आणि पहिल्याच शनिवारी हौसामावशींकडून सोलायला वाल.

मावशी माझ्या शेजारी राहतात. वय सत्तरीपुढचं, गुडघे कुरकुरणारे, जीभ ठणठणीत. धर्मशास्त्र शिकलेली मुलं आमच्याकडे पहिल्या वर्षासाठी पाठवतात. काम पाहून मग दीक्षा. ती मुलं सगळं शिकून येतात, फक्त समोर बसलेली माणसं त्यांना दिसत नाहीत. त्यावर मावशींचा उपाय असा, की शनिवारी दुपारी आम्ही बायका परातीभोवती बसून मोड आलेले वाल सोलतो आणि पाळकाने तिथेच उद्याचा उपदेश म्हणून दाखवायचा. मावशी बरं-वाईट काही बोलत नाहीत. उपदेश रटाळ झाला की आमचे हात भराभर चालतात. ऐकण्यात जीव रमला की थांबतात. ते पाळकाने आपलं आपण ओळखायचं. असे तिघे तयार झाले. त्यांतला एक आता मोठ्या शहरात असतो, पण नाताळला फोन आला की आधी विचारतो, वालाचं बिरडं केलंत का.

यंदा आला प्रविण, नगरकडचा. काटकुळा, लाजरा, मनाने सरळ. पण उपदेश करताना कागदातून त्याची मान वर निघत नसे. पहिल्या रविवारी गोविंदाभाऊ घोरले. दुसऱ्या रविवारी, त्यांना कोपराने उठवणारी त्यांची बायकोही. परातीपाशीही तो कागद घेऊनच उभा राही, आणि आमचे वाल चटाचट संपत.

आता हसायला येतं, पण तेव्हा घोर लागला होता. आधीचा पाळक मध्येच निघून गेलेला. हाही टिकला नाही, तर रोह्याची मंडळी पेणला जोडू, असं वरून कळवलं होतं. पेण म्हणजे दर रविवारी गाडी, स्टेशनचे जिने. मावशींच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. त्यांचं चर्च सुटल्यात जमा होतं. त्यात वरिष्ठ पाळक स्वतः प्रविणचा उपदेश ऐकायला येणार होते.

आदल्या दिवशी प्रविण आला तो तोंड पाडूनच. म्हणाला, मला हे जमत नाही, मी घरी जातो, उद्या साहेबांना सांगून टाकतो.

मावशींनी परात त्याच्याकडे सरकवली. "जा की. पन येवढं सोलून जा."

तो सोलायला बसला. ओल्या हातांनी कागद काढता येईना, म्हणून उपदेश तोंडानेच सुरू झाला. विषय येशूच्या गोष्टीतल्या हरवलेल्या मेंढराचा. मावशींची सून मनाली मध्येच म्हणाली, की नव्याण्णव मेंढरं रानात टाकून एकामागे जाणारा माणूस काय शहाणा म्हणायचा? प्रविण अडखळला. मग त्याला आजोबा आठवले. ते गावच्या शेळ्या राखायचे. एकदा एक शेळी परत आली नाही, तर वाढलेलं ताट सोडून निघाले. आजी चिडली, एवढ्या बाकीच्या आहेत ना? आजोबा म्हणाले, त्या आहेतच, ही नाहीये. शेवटी शेळी खांद्यावर टाकून आणली आणि वाटभर तिला शिव्या दिल्या.

कुणाचाच हात हलत नव्हता.

"देव पन तसाच आनत असंल गो," मावशी मला म्हणाल्या.

प्रविणने भीतभीत विचारलं, "शिव्यांचं उद्या सांगू का?"

"तेच सांग."

जाण्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

रविवारी वरिष्ठ पुढच्या बाकावर बसले. आणि प्रविण उभा राहिला तो, व्हायचं तेच, कागद घेऊन. वाचायला लागला. शेजारी पाहिलं, तर मावशी पदराचं टोक मांडीवर घेऊन चिमटीने वाल सोलत होत्या. नसलेले वाल. भराभर. मनालीनेही पदर मांडीवर घेतला. मीही ओढणी घेतली. प्रविणने पान उलटताना मान वर केली, तर समोर आमची ओळच्या ओळ सोलायला बसलेली. त्याला हसू आवरेना. कागदाची घडी करून त्याने खिशात घातली.

"माझे आजोबा शेळ्या राखायचे," तो म्हणाला.

मावशींची बोटं थांबली. शिव्यांपाशी गोविंदाभाऊ मोठ्याने हसले, म्हणजे जागे होते.

जेवण मावशींकडेच होतं. वरिष्ठांनी बिरड्यातून एक साल काढून ताटाच्या कडेला ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं.

"ते वाल आमच्या पाळकसाहेबांनी सोललेले," मावशी म्हणाल्या. "बोलायला लागला की हाताकडं ध्यान नाय ऱ्हात त्याचं."

वरिष्ठ म्हणाले, मग याला इथून हलवून चालणार नाही, सोलणं शिकायचं राहिलंय अजून.

मावशींनी त्यांना न विचारताच आणखी एक पळी वाढली, सालांसकट.