मांडीवरचा कोट

रफूकाकूंच्या हातात कला होती आणि तोंडाला कुलूप. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, रागानंच सांगतेय. माझं लॉन्ड्रीचं दुकान त्यांच्याच इमारतीत तळाला, त्यामुळे सिगरेटनं जळलेल्या कोटापासून उंदरानं कुरतडलेल्या शालीपर्यंत सगळं माझ्याकडून वर त्यांच्याकडे जायचं. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागा उपसायचा, खिडकीशी बसायचं आणि उभे-आडवे धागे मोजत भोकावर नवं कापड विणून काढायचं. कोट परत न्यायला आलेलं गिऱ्हाईक स्वतःच्याच कोटावर भोक शोधत बसायचं! पण मोजणी चालू असताना कुणी एक शब्द जरी बोललं की गेलं सगळं. उसवा आणि पुन्हा मोजा. म्हणून त्या घरात नियमच होता, काकूंच्या मांडीवर कापड असलं की कुणी तोंड उघडायचं नाही. नवरा होता तोवर तोही बिचारा खुणेनंच चहा मागायचा.

या नियमानं सगळ्यात हाल व्हायचे ते त्यांच्या धाकट्या जावेचे. ती समोरच्या इमारतीत राहायची आणि तिला आम्ही रेडिओ म्हणायचो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर सुरुवात केली की वर पोचेपर्यंत तिच्या निम्म्या बातम्या सांगून झालेल्या असायच्या. पण काकूंच्या मांडीवर कापड दिसलं की ही स्टुलावर बसायची, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी. काकूंनी धागा तोडला रे तोडला की, "हां, तर ताई, मी काय सांगत होते!"

पुढे दोघींचे नवरे गेले. काकूंना मूलबाळ नव्हतं, रेडिओची एकुलती मुलगी लग्न करून दुसऱ्या शहरात गेलेली. दोघी एकट्या पडल्या, पण रेडिओचं येणं काही चुकलं नाही. न विचारता यायची, कधीही यायची.

एकदा मी कपडे घ्यायला वर गेले, तर काकू एका कोटावर अगदी वाकून बसलेल्या. मी निमूट उभी राहिले. बघते तर सुईत धागाच नाही. कोट उलटापालटा केला, कुठे एक भोक सापडेल तर शपथ.

"काकू, भोक कुठाय हो?"

"भोक नाहीये," त्या हळूच हसून म्हणाल्या, "पाहुणे आहेत. जिन्यात आवाज आला ना, म्हणून घेतला मांडीवर. तूच आहेस होय! बस."

मला त्या वेळी हसू आलं. माणसाला एकटं बसावंसं वाटतं, त्यात काही पाप नाही. दिवसभर धागे मोजून डोकं शिणलेलं असतं, त्यात रेडिओ ऐकायचा म्हणजे शिक्षाच. पण अहो, तोंड दिलंय ना देवानं? "आत्ता नको गं, संध्याकाळी ये" एवढं म्हणायला काय जातं? काकूंना तेच जमायचं नाही. कुणाला दुखवायचं नाही म्हणून कोट पुढे करायचा. भिडस्त माणूस एकेकदा उद्धट माणसापेक्षा जास्त दुखवतो, हे माझं मत आहे आणि ते मी कुणालाही तोंडावर सांगेन.

अशाच एका दुपारी रेडिओ आली. त्या दिवशी जिन्यात आवाज नव्हता, नुसती पावलं होती. काकूंनी पावलं ओळखली आणि कोट ओढला मांडीवर. ती म्हणाली, "चालू दे तुमचं, बसते मी." बराच वेळ बसली. काकू बिनधाग्याची सुई आत-बाहेर करत राहिल्या. धागा काही तुटेना, कारण तो नव्हताच. शेवटी ती उठली. "येते मी, ताई." "ये." संपलं.

महिन्याभरात रेडिओनं खोली सोडली आणि सामान बांधून मुलीकडे गेली.

पहिले काही दिवस काकूंची चैन होती. मला म्हणाल्या, "किती शांत वाटतं गं!" मग हळूहळू बोलणं बदललं. कपडे न्यायला मी गेले की स्टूल पुढे सरकवायला लागल्या. काम नसताना खाली दुकानात येऊन माझी इस्त्री बघत उभ्या राहायला लागल्या. एक दिवस सरळच म्हणाल्या, "घर खायला उठतं. कुणीतरी येणारे, म्हणून शांत बसायला बरं वाटायचं. आता कुणी येणारच नाही, मग कसली शांतता नि कसलं काय!"

इमारतीतली इतर माणसं दारावरून जायची, काकूंच्या मांडीवर कापड दिसलं की चपला वाजू न देता पुढे. सगळ्यांना काकूंनीच तर शिकवलं होतं.

आणि मग घरमालकानं तोंड उघडलं. माझ्या दुकानाशेजारच्या दोन खोल्यांना रंग देत होता. काकूंना बघून म्हणाला, "काय वहिनी, या खोल्या तुम्हाला नकोच ना नक्की? नाहीतर देऊन टाकतो कुणाला."

"मला कशाला?"

"म्हणजे? तुमच्या जाऊबाईंनी बोलून ठेवल्या होत्या, दोघींसाठी. आतली तुम्हाला, उजेड आहे म्हणून. बाहेरची त्यांना. 'येणारे-जाणारे माझ्याकडेच बसतील, ताईंना त्रास नको,' म्हणाल्या. मधल्या दाराला कडी तुमच्या बाजूनं बसवायला सांगितली होती. ताईंना वाटेल तेव्हा लावतील, वाटेल तेव्हा उघडतील. मग तुम्हाला विचारायला वर गेल्या, आणि खाली येऊन म्हणाल्या, राहू द्या, ताईंना नकोय."

काकू माझ्या स्टुलावर बसल्या. त्यांना मी त्यांच्या नवऱ्याच्या वेळीही इतकं रडताना पाहिलं नव्हतं. "तिनं विचारलंच नाही गं मला!" एवढंच घोकत होत्या. विचारायला तोंड उघडणार कशी ती, मांडीवर कोट होता ना!

घरमालकाला मी दम दिला, आठवडाभर खोल्या कुणाला द्यायच्या नाहीत. काकूंना म्हटलं, फोन करा. केला. "बरी आहेस ना? मीही बरी आहे. ठेवते." झाला फोन! कपाळावर हात मारला मी. दुसऱ्या दिवशी दुकान बंद केलं आणि त्यांना घेऊन बसमध्ये बसले.

रेडिओनं दार उघडलं आणि आधी ओठांवर बोट ठेवलं. मुलगी आणि जावई दोघंही घरूनच काम करायचे, एक या खोलीत, एक त्या. दिवसभर त्यांचं फोनवर बोलणं चालू. बाकी घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. रेडिओनं पेले ठेवले तेही आवाज होऊ न देता. ही बाई जिना चढायची तर दोन्ही इमारतींना कळायचं.

मग रफूकाकू बोलायला लागल्या. खालच्या आवाजात, पण थांबेचनात. सगळं सांगितलं. कोटाला भोक नव्हतं हेही सांगितलं. घरमालक काय म्हणाला ते सांगितलं. "खोल्या अजून रिकाम्या आहेत. चल गं. मला करमत नाही तुझ्यावाचून. दिवसभर बोल, मी काही म्हणणार नाही."

रेडिओ ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही एवढं बोलता, ताई, हे मला माहीतच नव्हतं."

"चल ना."

"नाही जमायचं आता. तुम्हाला एकटं बसायला लागतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? त्याचा राग नव्हता मला. 'आत्ता नको' म्हणाला असतात, तर संध्याकाळी आले असते. पण तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. इथं आल्यावर गप्प राहायला शिकले, रडतखडत शिकले. आता तिथं येऊन पुन्हा बोलायला लागायचं, आणि एखाद्या दुपारी पुन्हा तुम्हाला नकोशी झाले तर? पुन्हा शिकायचं बळ नाही हो माझ्यात."

काकूंनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवला नाही, पण उत्तरही बदललं नाही. आतून मुलीनं दारावर टकटक केली, आवाज कमी करा म्हणून. तेव्हा खरं तर कुणीच बोलत नव्हतं.

निघताना काकूंनी दारातच विचारलं, "अधूनमधून मी इथं आले तर चालेल?"

"या की," रेडिओ म्हणाली. मग मागे वळून आतल्या खोलीकडे बघत आणखी हळू म्हणाली, "पण आधी विचारून या हं, ताई. इथं विचारल्याशिवाय येऊन चालत नाही."

काकू नुसती मान हलवत राहिल्या. मला ते बघवेना. मी आधी जिना उतरले आणि खाली रस्त्यावर त्यांची वाट बघत थांबले.