फळ्यावरचं गणित माहं होतं

“तू खाली बस. मुलांमध्ये. हो, तुलाच म्हणतेय.”

असं म्हणून मॅडमनी माह्या हातातला खडू घेतला आणि आपल्या पोरीच्या हातात दिला.

मी तेव्हा अकरावीत होती. लोहाऱ्याले एमआयडीसीच्या मागं, नाल्याच्या पलीकडं आमची वस्ती आहे. वस्ती कोणाची, हे यवतमाळात कोणी विचारत नाही. नाल्याच्या पलीकडं म्हटलं की लोकाईले समजते. तिथं आमचं विहार, विहारात एक फळा. रविवारची सकाळ होती, समोर तिसरी ते सहावीचे पोट्टे बसले होते आणि मी अपूर्णांकाचं गणित अर्धं सोडवलं होतं. तेवढ्यात दाराशी गाडी थांबली.

मॅडम आमच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतात. त्यांच्या घरात आजोबापासून सगळे साहेब. ईशा त्यांची पोरगी, माह्याच वयाची, मोठ्या इंग्रजी शाळेतली. सोबत नव्या वह्यांचा खोका आणि ईशाच्या नावाचा छापील बॅनर. बॅनर माह्या फळ्याच्या वर बांधला. ईशा फळ्याजवळ उभी राहिली, माह्या अक्षराकडं बोट दाखवून.

“तू पुस्तक उघडून धर,” मॅडम मले म्हणाल्या. “इकडे नको बघू, ईशाकडे बघ. आणि हसू नकोस. शिकायला मिळत नाही त्या मुली अशा हसतात का?”

मी बसली. कोणी धक्का नाही दिला, कोणी हात नाही ओढला. मॅडम बोलल्या आणि मी बसली, हेच मले आजही खाते. मी अजूनही त्यायच्याबद्दल ‘म्हणाल्या’, ‘बोलल्या’ असंच लिहून राह्यली, पाहा. सवय लवकर मरत नाही.

बाजूले सेजल बसली होती, तिसरीतली. ती माह्या कानात म्हणाली, “ताई, तू आज खाली काहून बसली?”

मी तिले म्हटलं, “चूप बस.”

फोटो निघाले. वह्या वाटल्या. पाऊण तासात गाडी गेली. ते लोक परत कधी आले नाहीत.

आता आमच्या विहाराची रीत सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. आमच्याकडं संध्याकाळची वंदना झाली की कोणी घरी पळत नाही. दहावीचं पोट्टं पाचवीच्या पोट्ट्याले घेऊन बसते, बारावीचं दहावीच्याले. माह्या बाबाच्या वेळेपासून असंच आहे. बाबा जिनिंगमधे रुईच्या गाठी उचलतात, पण त्यायले तीसपर्यंतचे पाढे याच विहारात पाठ झाले. मले शेजारच्या कांतामावशीच्या मोठ्या पोरीनं इंग्रजी शिकवलं, ती आता पुसदले नर्स आहे. मी सातवीत होती तेव्हापासून लहान्याईले घेऊन बसते. पाऊस असो, परीक्षा असो. याले आमच्यात कोणी काम म्हणत नाही, सेवा तर त्याहून नाही. जेवल्यावर आपलं ताट आपण धुतो, त्याची कोणी बातमी करते का?

बारावीत मले एका मोठ्या विद्यापीठाचा पत्ता लागला. दिल्लीकडचं, खाजगी. नाव लिहीत नाही. मोजकेच पोट्टे घेतात, आणि त्यातल्या काहीयची सगळी फी माफ. मले तिथंच जायचं होतं. पाहिजे म्हणजे पाहिजेच होतं. राज्यशास्त्र शिकायचं होतं, चांगल्या लायब्ररीत बसायचं होतं, आणि खरं सांगू का, नाल्याच्या पलीकडची हे नाव सोडून कोणीतरी व्हायचं होतं.

मोबाईलवर फॉर्म भरला. मार्क भरले, निबंध लिहिला. मग एक रकाना आला. शाळेबाहेर तुम्ही समाजासाठी काय केलं?

मी लिहिलं, काही नाही.

खोटं कायले लिहायचं? समाजासाठी करतात ते मोठे लोक, माह्या डोक्यात असंच होतं. बॅनर लावतात, वह्या वाटतात. मी तर नुसती पोट्ट्याईले शिकवत होती. बाप्पा, किती भोळी म्हणावी मी. भोळी कसली, मूर्ख.

मुलाखत मोबाईलवरच झाली. मी विहारात बसली होती, रेंज तिथंच मिळते. माह्या मागं फळा होता. पिकल्या केसांचे एक सर होते, चांगले बोलत होते. त्यायनं इंग्रजीत विचारलं, “तुझे गुण उत्तम आहेत. पण तू ज्या वस्तीत वाढलीस, तिला तू काय दिलंस?”

मी इंग्रजीत उत्तर दिलं, “सर, आम्ही गरीब लोक आहोत. आम्ही काय देणार?”

हे वाक्य मले कोणी पढवलं नव्हतं. मीच बोलली. ज्या फळ्यापुढं मी पाच वर्षं उभी राहिली, त्याच्याकडं पाठ करून बोलली. सरांनी मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं.

माहा नंबर नाही लागला. ईशाचा लागला.

पंधरा दिवसांनी आमच्या कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. मॅडमची मुलगी म्हणून अभिनंदन. ‘वंचित मुलांसाठी वर्ग चालवणारी ईशा.’ खाली मोठा फोटो. ईशा फळ्याजवळ उभी, फळ्यावर माहं गणित, आणि खाली मांडी घालून, पुस्तक उघडून, वर तोंड करून मी. माहा चेहरा एवढा मोठा की रस्त्याच्या पलीकडून ओळखू येत होता.

“काय वं,” वर्गातली एक जण म्हणाली, “तू तर ईशाची विद्यार्थिनी निघाली.” सगळ्या हसल्या, आणि मीही हसली.

घरी येऊन मोरीत बसून रडली. रडता रडता पहिल्यांदा डोकं चाललं. म्हणजे जे मी रोज करत होती त्याले किंमत होती. तिनं पाऊण तास उभं राहून दाखवलं आणि ती दिल्लीले गेली. मी पाच वर्षं केलं आणि ‘काही नाही’ लिहिलं. त्यायले आपल्या पाऊण तासाचं नाव ठाऊक होतं. मले माह्या पाच वर्षांचं नाव कोणी सांगतलं नव्हतं.

मी इथंच बी. ए.ले नाव घातलं आणि यंदा पुन्हा फॉर्म भरायले घेतला. त्याले एका शिक्षकाचं शिफारशीचं पत्र लागते. मागच्या वर्षी मॅडमनी दिलं होतं, म्हणून पुन्हा त्यायलेच विचारलं. त्यायनं घरी बोलावलं.

दिवाणखान्यात मोबाईल स्टँडवर लावून ठेवलेला. समोर खुर्ची नाही, सतरंजी.

“पत्र तयार आहे, फक्त पाठवायचंय,” मॅडम म्हणाल्या. “त्याआधी ईशाच्या प्रोजेक्टसाठी दोन मिनिटं बोल. खाली बस, बॅकग्राउंड छान येतं.” हातात कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘माझ्या घरी शिक्षणाचं वातावरण नव्हतं. ईशादीदीमुळे मला पुस्तकांची ओळख झाली.’

ईशादीदी. माह्याहून दोन महिन्यानं लहान आहे ती. आणि शिक्षणाचं वातावरण नव्हतं म्हणे. माहा बाप गाठी उचलून येते आणि आंग न धुता आधी विचारते, आज काय शिकवलं पोट्ट्याईले?

माह्या मनात एक हिशोबी बाई होती. ती म्हणाली, बस. दोन मिनिटांचं काम, पत्र घे, दिल्ली गाठ, मग पाहू. गुडघे वाकायले लागले होते, खोटं नाही सांगत. तेवढ्यात सेजलचं ते आठवलं. तू आज खाली काहून बसली?

मी उभीच राहिली.

“मॅडम, फळ्यावरचं गणित माहं होतं.”

“काय?”

“त्या फोटोत. अक्षर माहं आहे. वर्गही माहा होता. ईशा तिथं पाऊण तास होती.”

मॅडम हसल्या. “अगं, गणित कोणाचंही असू दे. ईशामुळे तुमची वस्ती लोकांना कळली.”

“आमची वस्ती आम्हाले ठाऊक होती, मॅडम. मी हे वाचणार नाही.”

“मग पत्राचं कठीण आहे.”

“राहू द्या.”

मी चप्पल घालत होती तेव्हा मागून आवाज आला, “तुमच्या लोकांना थोडं वर आणायला जावं तर...”

पुढचं त्या बोलल्या नाहीत. पुढचं मले लहानपणापासून पाठ आहे.

घरी मायले सगळं सांगतलं. ती भाकर थापत होती. पत्र गेलं हे ऐकून मले वाटलं ती बोलन, रागावन. तिनं तव्यावरची भाकर उलटवली. “मंग? आपल्याच इहारात तुले पाव्हनी करून बसवलं त्यायनं, अन् तू दोन वरसं मले बोलली नाई?” मग म्हणाली, “जे तू करतं ते लिव त्या कागदावर. लाज कायची वं?”

मी लिहिलं. त्याच रकान्यात. सातवीपासून कोणाकोणाले काय शिकवलं, नावासकट. रीत आमच्या विहाराची आहे, माही एकटीची नाही, हेही लिहिलं. ती आधी कोणी चालवली, मले कोणी शिकवलं, सगळं. जागा संपली तेव्हा थांबली. पत्र माह्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी दिलं, मराठीत. विद्यापीठ मराठी पत्र घेते का नाही, मले माहीत नाही. नंबर लागन का नाही, तेही माहीत नाही. नाही लागला तर मले लई वाईट वाटन, त्यात खोटं काय बोलायचं. पण या वेळी ‘आम्ही काय देणार’ असं माह्या तोंडून निघणार नाही.

विहारात आता एक वही ठेवली. ज्यानं ज्या दिवशी शिकवलं त्यानं आपलं नाव लिहायचं. सेजल पाचवीत गेली. ती पहिलीच्या दोघाईले बाराखडी शिकवते आणि आपलं नाव रोज जरा जास्तच मोठं काढते. काढू दे.

राहिला फ्लेक्स. यंदा प्रवेश सुरू झाले तसा कॉलेजनं तोच फोटो नव्यानं छापून फाटकावर लावला. मी प्राचार्यांना अर्ज दिला. फोटोतला वर्ग कोणाचा आहे ते खाली लिहा, नाही तर माहा चेहरा काढा. क्लार्क म्हणाला, असा अर्ज आम्ही घेत नसतो. मी म्हटलं, घ्या, मी इथंच उभी आहे. तासाभरानं त्यानं शिक्का मारला. पोच माह्या दप्तरात आहे.

आठ दिवस वाट पाहीन. नवव्या दिवशी कॉलेज भरायच्या वेळेले, सगळ्यांसमोर, फाटकावर चढीन आणि माहा तेवढा चेहरा कापून घरी आणीन.