पेटीवरच्या टिकल्या

अण्णा गेल्याचा वहिनींचा फोन आला आणि मी साताऱ्याहून माधवनगरला पोचले. अंगणात माणसं जमली होती, वहिनी आत होत्या. बाहेरच्या खोलीत अण्णाची, माझ्या भावाची, पेटी उघडीच होती, पट्ट्यांवर रंगीत टिकल्या चिकटवलेल्या. थोड्या वेळात माझी गाण्यातली मंडळी येणार होती. मी दार लोटून घेतलं आणि नखानं एकेक टिकली खरवडून काढली. भाऊ गेल्यावर बहिणीनं पहिलं काम केलं ते हे... लिहितानाही मान खाली जाते.

अण्णा लहान मुलांना पेटी शिकवायचा. नुसतं घोकायला लावलं की पोरं पळून जातात, असं त्याचं म्हणणं. म्हणून वहिनींच्या पाकिटातल्या टिकल्या, एका स्वराला एक रंग. पहिल्याच दिवशी मूल काहीतरी वाजवून घरी जायचं. एसटीचा हॉर्न, आईच्या मोबाईलची रिंगटोन, सगळं तो त्यांना पेटीवर शोधायला लावायचा. कुणी चुकलं तर म्हणायचा, "व्हय, ह्यो बी सूरच हाय. आपल्याला फकस्त शेजारचा पायजे."

मी रीतसर शिकलेली, परीक्षा दिलेली. एका गुरुपौर्णिमेला अण्णाच्या घरी गायला जमलेल्या माझ्या मंडळींनी त्या टिकल्या पाहिल्या आणि मी कानकोंडी झाले. बालवाडी मांडलीयस का, असं मी सगळ्यांदेखत त्याला बोलून गेले. अण्णा नुसता हसला. तेव्हापासून दर गुरुपौर्णिमेला आम्ही यायच्या आत तो टिकल्या काढून ठेवायचा आणि मुलांना सुट्टी द्यायचा. गुरुपौर्णिमेला, शिष्यांना सुट्टी... आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर एका संध्याकाळी मुलं आली. कुणी बोलावलं नव्हतं, क्लासची वेळ झाली म्हणून आली. त्यातली सगळ्यात लहान समृद्धी पेटीपुढं बसली, पट्ट्यांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आत्या, सा कुठं गेला?"

वहिनी आतून टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या. "त्यांनी लावलेल्या तुमी काढल्या, वन्सं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता तुमीच लावा."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी लाल टिकली बोटावर घेतली आणि तशीच थांबले. इतकी वर्षं गाणं केलं, पण अण्णाचा सा कुठल्या रंगाचा, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"लाल न्हाई, आत्या. हिरवी," समृद्धी म्हणाली. मी हिरवी शोधून तिच्यासमोर धरली. तिनं माझं बोट धरून पट्टीवर नेलं. तिथला जुना चिकटा अजून बोटाला लागत होता.