त्यातली

“अगं, तू त्यातली का?”

वैशालीवहिनींनी हे बर्लिनमध्ये विचारलं. म्युझियमच्या दालनात, रविवारी सकाळी, सगळ्यांसमोर. माझे पाय अनवाणी होते. बूट हातात होते. समोर गांधारचा बुद्ध होता.

मी काय केलं होतं ते आधी सांगते. दालनात शिरले तर मंद उजेड. मधोमध दगडाचा बुद्ध, माझ्याहून उंच, डोळे अर्धे मिटलेले. दिव्याचा झोत नेमका चेहऱ्यावर. माझे पाय आपोआप बुटांतून बाहेर आले. विहारात शिरताना येतात तसे. लहानपणची सवय ती, तिला काय माहीत हे विहार नाही, म्युझियम आहे. मी गुडघे टेकले, कोपरं टेकली, कपाळ जमिनीला लावलं. तीनदा. ओठांत त्रिशरण सुरू झालं होतं.

खांद्यावर हात पडला. पहाऱ्यावरची म्हातारी बाई. “दी शुहे, बिटे,” ती म्हणाली. बूट घाला. तिचा मला राग नाही. कुणीही बूट काढले असते तरी ती हेच म्हणाली असती.

मागे वळले तर आमचे चौघे उभे. आणि वहिनींचा तो प्रश्न.

त्यातली. कशातली ते वहिनींनी सांगितलं नाही. सांगावं लागत नाही. मराठीत या शब्दाला पुढं काही जोडावं लागत नाही, ऐकणाऱ्याला कळतं.

मी म्हणाले, “नाही हो वहिनी. बूट चावत होता.”

बुद्धासमोर उभी राहून मी हे म्हणाले.

“बूट चावतो म्हणून कुणी तीनदा डोकं टेकतं का गं?” वहिनी हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आम्ही तसलं काही पाळत नाही हं. पण सांगायचंस ना आधी.”

मी जर्मनीतल्याच येना गावात पीएचडी करत होते, भिंगांवर. दोन हजार चार-पाच साल असेल. उल्हासदादा आमच्याच इन्स्टिट्यूटमध्ये पोस्टडॉक, वैशालीवहिनी त्यांच्या पत्नी. श्रुती माझी फ्लॅटमेट, आमच्या वेगेमध्ये, म्हणजे सामायिक फ्लॅटमध्ये, शेजारच्या खोलीत राहायची. केतन तिच्याच बॅचचा. येनातली मराठी माणसं म्हणजे एवढीच. आजारी पडलं तर खिचडी घेऊन येणारी, आउसलेंडरबेहोर्डंच्या, म्हणजे व्हिसाच्या कचेरीच्या, रांगेत सोबत उभी राहणारी. परक्या गावात ती माणसं गेली तर माझं काय उरणार होतं? म्हणून मी भीत होते. वर्षभर, रोज.

पहिल्याच आठवड्यात वहिनींनी जेवायला बोलावलं होतं. वाढता वाढता विचारलं, “तुमच्यात कुलदैवत कुठलं गं?” आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ लागलेलं. त्यातून काही कळत नाही. न कळल्यावर माणसं कुलदैवत विचारतात. मी म्हणाले, तुळजापूर. वाक्य सुरळीत बाहेर पडलं. गणपतीत वहिनींनी मला मोदकाच्या कळ्या पाडायला शिकवलं आणि म्हणाल्या, “अगदी आमच्यातलीच आहेस.” मी तेव्हा सुखावले होते. आज लिहिताना त्या सुखाची लाज वाटते.

आणि आई. आमच्या घरी फोन उचलला की पहिला शब्द जयभीम. आमच्या वेगेचा फोन स्वयंपाकघरात होता आणि त्याचा आवाज बाहेर ऐकू यायचा. कॉलिंग कार्डावरून घरी फोन लावायचा तर श्रुती तिथंच असायची, चहा करत. आईला मी सांगितलं, फोनवर तसं नको म्हणत जाऊ, नुसतं हॅलो म्हण. आईनं का म्हणून विचारलं नाही. तिला कळलं. त्या दिवसापासून ती हॅलो म्हणायची, इंग्रजी पाठ करणाऱ्या पोरीसारखी, जपून.

परभणीला पाचवीत असताना चित्रकलेच्या तासाला बाईंनी ‘माझं दैवत’ काढायला सांगितलं होतं. मी बुद्ध काढला. कान लांब झाले, पण चेहरा छान जमला होता. इन्स्पेक्टरसाहेब यायचे होते, म्हणून सगळ्यांची चित्रं भिंतीवर लागली. माझं बाईंनी कपाटात ठेवलं. म्हणाल्या, “भिंतीवर जागा नाही.” खिडकीजवळ दोन खिळे रिकामे होते. मी मोजले होते. घरी सांगितलं तर एसटीच्या डेपोत मेकॅनिक असलेले माझे बाबा हात पुसत म्हणाले, “शिक. लई लांब जा. तिथं हे नसतंय.”

मी लांब आले, बाबा. इथं बुद्ध भिंतीवर नाही, चौथऱ्यावर आहे, त्याला स्वतंत्र दिवा आहे, पहारेकरी आहे. कपाटात मी आहे.

आदल्या दिवशी शनिवारी आम्ही बर्लिनच्या नदीतल्या बेटावरची म्युझियमं पाहिली होती. बाबिलोनचा निळा दरवाजा सगळ्यांनी माना वर करून पाहिला होता. दुपारी पायऱ्यांवर बसून वहिनींच्या डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या, पाचही हात एकाच डब्यात. हॉस्टेलवर वहिनींनी माझाच कंगवा घेतला केस विंचरायला.

रविवारी, बुद्ध पाहून झाल्यावर, म्युझियमबाहेरच्या बाकांवर तोच डबा उघडला. वहिनींनी दोन पुऱ्या आणि लोणचं कागदी नॅपकिनवर काढलं आणि माझ्याकडे सरकवलं. “तुझं वेगळं काढलंय हं. निवांत खा.” बाकीचे चौघे डब्यात हात घालत होते. श्रुतीचा हात क्षणभर थांबला, मग तोही गेला. मी काय केलं? नॅपकिन उचलला. खाल्लं. वर म्हणाले, “छान झाल्यात.” भीती माणसाकडून काय काय वदवून घेते.

त्या खाल्लेल्या पुऱ्यांचा मला आजही राग येतो. वहिनींचा नाही येत एवढा.

परतीची गाडी दुपारची होती. आमच्याकडे वीकेंड-तिकीट होतं, एका तिकिटावर पाच जण. ते वहिनींच्या पर्समध्ये. येताना टेबलाभोवतीच्या चार सीटांपैकी खिडकीची माझी होती, केतन पलीकडच्या बाजूला एकटा बसला होता. आता माझ्या जागेवर वहिनींची बॅग होती. मी जवळ गेले तशी त्यांनी बॅग उचलली आणि म्हणाल्या, “केतन, ये रे इकडे.” मग मला म्हणाल्या, “तू तिकडे बस गं. पाय पसरता येतील.”

मी तिकडे बसले. मांडीवर हात.

शहर मागे पडल्यावर तिकीटतपासनीस आला. वहिनींनी पर्समधून तिकीट काढून दाखवलं. त्यानं त्या चौघांकडे पाहिलं, मान हलवली आणि माझ्याकडे वळला. तिकीट? मी बोट त्यांच्याकडे केलं. त्यानं मला विचारलं, “गेहोरेन झी दात्सू?”

म्हणजे, तुम्ही यांच्यातल्या का?

साधा, कामाचा प्रश्न. त्याला फक्त तिकिटाचं पाहायचं होतं. पण मला कानात तेच ऐकू आलं, सकाळचं. मी त्यांच्याकडे पाहिलं. कुणीतरी हो म्हणेल. दादा नकाशाची घडी घालत होते. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. केतन बुटाची नाडी बांधत होता. श्रुतीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दोन क्षण गेले असतील, जास्त नाही. त्या दोन क्षणांत मला खरोखर वाटलं की हे मला इथं सोडून देतील. विनातिकीट, एका काळ्या मुलीला, भर डब्यात. सगळे गोरे चेहरे माझ्याकडे वळले होते.

सकाळी मी बुद्धासमोर नाही म्हणाले होते. एका दिवसात दोनदा मला जमणार नव्हतं.

मी उठले. वहिनींच्या हातातलं तिकीट घेतलं आणि तपासनिसासमोर धरलं. “इश बिन दी फ्युन्फ्टे,” म्हणाले. मी पाचवी. त्यानं बोटानं डोकी मोजली, शिक्का मारला आणि पुढं गेला.

तिकीट मी परत दिलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, “वहिनी, सकाळी विचारलंत ना. हो, त्यातली. बौद्ध. तुळजापूर मी खोटं सांगितलं होतं. तुम्हाला घाबरून.”

आवाज कापत होता. कापू दे म्हटलं.

वहिनी म्हणाल्या, “अगं, मी कुठं काय म्हटलं?”

दादा समजुतीच्या सुरात म्हणाले, “इथे जर्मनीत कोण बघतं गं हे सगळं?”

“तुम्ही बघितलंत, दादा. जेवताना. माझा नॅपकिन.”

पुढं नाउम्बुर्गला गाडी बदलेपर्यंत ते पाच जणांचं तिकीट माझ्या मांडीवर होतं. गाडी बदलल्यावर मी टेबलाजवळची खिडकी आधी जाऊन धरली. माझ्या शेजारी कोण बसायचं, हा प्रश्न आता त्यांचा होता. श्रुती बसली.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. येनात उतरले तेव्हा ती सोबतच होती. उद्यापासून खिचडी नाही, गणपतीचं आमंत्रण नाही. ते खरंच झालं. वहिनींचा फोन पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात घरी फोन लावला. श्रुती शेगडीवर भात शिजवत होती. केतन आला होता, टेबलाशी बसला होता. आईनं उचलला.

“हॅलो,” आई म्हणाली. जपून.

“आई, हॅलो नगं. जयभीम म्हण.”

आई हळूच म्हणाली, “बाजूला कोण न्हाई ना गं?”

“हायेत की. समदे हायेत. म्हण.”

वर्षभर मी जे तिच्या तोंडातून काढून घेतलं होतं ते तिनं सावकाश परत घेतलं आणि म्हणाली. मीही म्हणाले, श्रुतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मागे भाताच्या झाकणाचा आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही.

भीती राहू दे. पण माझ्या आईला मी पुन्हा कधीही, कुणाच्याही भीतीनं, हॅलो म्हणायला लावणार नाही.