भिवाच्या छातीचा फोटो

माझा धाकटा भाऊ राधाकिसन म्हंजे शहाणपणाचा कहर होता. मेला, म्हणून आता गोड बोलू काय? मला न्हाई जमत.

टेंभुर्णीची मेंढरं सोडून तो त्र्याऐंशी साली जालन्यात आला, माझ्याच घरी उतरला अन् लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर लागला. भंगार वितळवायचं अन् धूर खायचा. बिडीला कधी शिवला न्हाई. फुकटचा धूर पोटभर मिळत असताना विकतचा कशाला घ्यावा! तोंडाला बांधायला फडकं दिलं, तर म्हणे, "आक्का, बायकांवानी तोंड झाकू काय?" वा रे मर्द गडी!

दहा-बारा वर्षांत हा मर्द गडी खोकायला लागला. बायको गोपिका रोज म्हणायची, भट्टी सोडा. मीही म्हणायची. आम्हा दोघींना एवढंच पाहिजे होतं, तो भट्टीपुढून हटावा.

मंग कारखान्यात छातीचे फोटो काढायची गाडी आली. लगेच आवई उठली, डाग निघाला की गेटाबाहेर. आमच्या शहाण्यानं काय करावं? टेंभुर्णीहून मावसभाऊ भिवाला जल्दी बोलावून घेतलं. भिवा दिवसभर रानात मेंढरांमागं, छाती कशी कवाडावानी. त्याला आपला शर्ट घातला अन् आपल्या नावानं रांगेत उभं केलं. मुकादम सर्जेराव समोरच पाहून राह्यला होता. त्याला काय, मोजणी बराबर भरली म्हंजे झालं.

फोटो निघाला बिलकुल साफ. राध्यानं गल्लीत पेढे वाटले! मी म्हणलं, "अरे मुडद्या, छाती भिवाची अन् पेढे तुझे?" तर दात काढून हसला.

अन् आवई निघाली खोटी. ज्या चौघांच्या फोटोत डाग आल्ते, त्यांना कोणी काढलं न्हाई. भट्टीवरून उचलून बाहेर वजनकाट्यावर बसवलं, मोकळ्या हवेत. आमच्या पहिलवानाला मात्र त्यांच्या वाट्याचं कामही दिलं. साहेब म्हणे, याची छाती एक नंबर हाय.

"जा अन् खरं सांग," मी त्याच्या पाया पडले. मोठी बहीण, पण पडले.

"आता कसं सांगू, आक्का? खोटा पडंन ना मी."

जीव गेला तरी चालंल, पण इज्जत राह्यली पाहिजे! शेवटी मीच गेटावर गेले. सर्जेराव म्हणला, "बाई, फोटोवर नाव त्याचंच हाय. उगी कशाला फाटे फोडता?"

पुढं थुंकीतून रक्त पडायला लागलं. औरंगाबादच्या डॉक्टरानं फुफ्फुसाचा कॅन्सर सांगितला. म्हणाला, भट्टीचा धूर भोवला, लई उशीर केला तुम्ही. हे कळायला डॉक्टर लागतो काय? दिवाळीच्या आत राध्या गेला.

खांदा द्यायला वजनकाट्यावरचे ते चौघं आल्ते. खोकत, थांबत, पण आपल्या पायानं चालत मसणवट्यापर्यंत गेले. बिनडागाचा तेवढा आडवा होता.