अकोल्याच्या उन्हात फुगलेली बोट

एक चालू ट्रॅक्टर ट्रॉलीसकट, दोन उन्हाळे आणि माझी अर्धी शेड.
एवढ्याला मला बोट पडली.
अमरावतीत. जिथून समुद्र गाठायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं.

ज्यांच्याकडून घेतली ते वकीलसाहेब मला आवडत नव्हते.
आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

सकाळपासून ग्रुपवर पोस्टी येऊन राहिल्या. 'दर्यावर्दी साहेब'. 'लाटांवर स्वार झालेला वऱ्हाडी वाघ'. एकानं तर तोफा लावलेल्या जहाजाचा फोटो टाकला.
अरे बाबांनो, तोफा?
यातले निम्मे साहेबांच्या माघारी त्यांची नक्कल करायचे. माझ्याच शेडमध्ये, माझाच चहा पिऊन. माझे कान शाबूत आहेत.

सेकंडहँड ट्रॅक्टरचा धंदा आहे माझा. इंजिनची खोट मला ऐकू येते. विकणाऱ्याची त्याच्याही आधी.

साहेबांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ होती. वेंगुर्ल्याहून मालवणला एकट्यानं बोट नेली. वाटेत वादळ. दोर खाली अडकला.
"मग काय, दातात चाकू धरला आणि मारली उडी!"
दर वेळी वादळ थोडं मोठं झालेलं असायचं. चाकू तर सुरुवातीला नव्हताच. तो दोन वर्षांनी आला.

एकदा चारचौघांत मी म्हटलं, "साहेब, विका मले ती बोट."
"बंडू, ट्रॅक्टर वेगळा, बोट वेगळी. तुझं काम नाही ते."

झालं. त्यांना भातकुलीच्या शेतासाठी ट्रॅक्टर पाहिजे होता. अदलाबदल केली.

बोट होती अकोल्यात, त्यांच्या सासुरवाडीच्या कापसाच्या बंद जिनिंग कारखान्यात, पत्र्याखाली. कॅटामरान म्हणतात तिला. दोन लांब निमुळत्या होड्या शेजारी शेजारी, मधे बसायला जाळी, वर शीड. दोन्ही होड्या आतून पोकळ, मागे एकेक बूच. बोट ठेवून द्यायची तेव्हा बुचं उघडायची, म्हणजे आतली हवा खेळती राहते.
साहेबांनी ती पान्यानं आवळली होती.

"काहून हो साहेब?"
"पाणी शिरू नये म्हणून."

अकोल्यात. मे महिन्यात. जिथं माणूस नळाची वाट पाहत बसतो, तिथं हे पाणी शिरू नये म्हणून बुचं आवळतात!
आतली हवा तापली, होड्या पुरीसारख्या फुगल्या आणि जोड उकलले. हायकोर्टात उभा राहणारा माणूस हा.

मुंबईच्या एका बोटवाल्याला फोटो पाठवले. "फेकून द्या" म्हणाला, आणि लगेच नव्या बोटीचा भाव पाठवला. त्यालाही ओळखलं.

बोट माझ्या शेडमध्ये आणली, रुपयाचं नाणं घेतलं आणि दोन्ही होड्या इंचाइंचानं ठोकत गेलो. शाबूत जागी टणटण, खराब जागी बद्द. बद्द वाजलं तिथं खडूची खूण. मग अकोल्याच्या रहीमभाईंना बोलावलं. फायबरच्या कूलरबॉड्या करण्यात त्यांची हयात गेली. बोट पाहिलेली नव्हती.
त्यांनी एक चक्कर मारली.
"सेठ, कूलरमें पानी अंदर रखनेका, इसमें बाहर रखनेका. काम तो एकीच है."

दोन उन्हाळ्यांत बोट उभी झाली. कुजलेल्या जाळीच्या जागी खाटेची नवार विणून घेतली. आता ती जुन्या टायरांवर असते, वर संत्र्याच्या नर्सरीतली हिरवी जाळी, बुचं काढून.

पाण्यात उतरवायला शेंदूरजनाघाटकडे मित्राच्या बागेला लागून तलाव आहे, तिथं नेली. त्याआधी मी आठ दिवस एका कोळ्याच्या हातापाया पडून चालवायला शिकलो होतो.
तीस माणसं बोलावली.
खरं सांगतो, बोट दाखवायला नाही. वकीलसाहेबांना सगळ्यांसमोर उघडं पाडायला. मला वाटत होतं, ते बसायलाच नाही म्हणतील.

"चला साहेब. तुमच्याशिवाय कोणाले येते हे?"

सगळे पाहत होते. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग चालू केलं. मी लाइफ जॅकेट पुढे केलं.
"मला कशाला? दे त्या पोरांना."
चपला काठावर नीट जोडून ठेवल्या आणि चढले. "दोर तूच धर. आता मालक तू."

तळ्याच्या मधोमध मी शिडात वारा घेतला. मुद्दामच. एक होडी पाण्याबाहेर उचलली गेली.
साहेबांनी दोन्ही मुठींत नवार धरली होती. ओठ हलत होते.
"काय साहेब, वादळ आठवलं का?"
"हळू, बंडू."
एवढंच.
काठावर हशा झाला. मीही हसलो. जिंकलो असं वाटलं मला.

उतरल्यावर ते लगेच चपलांकडे गेले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.
"बुचं उघडी ठेवतोस ना?"
"हो साहेब."
"बरं करतोस. मला नाही जमलं ते."

त्यानंतर तीन महिन्यांनी झोपेतच गेले.

आज दुपारी त्यांच्या वर्षश्राद्धाला जेवायला होतो. काकू, साहेबांच्या पत्नी, स्वतः वाढत होत्या. माझ्या पानात वडा टाकता टाकता म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही तळ्यावरून परत येईपर्यंत मी देव पाण्यात ठेवले होते रे."
मी म्हटलं, "एवढं काय काकू? समुद्र पाहिलेला माणूस. तळं तर होतं."
काकू थांबल्या. माझ्याकडे पाहून एक वाक्य बोलल्या आणि पुढच्या पानाकडे गेल्या.
वडा पानातच राहिला.

साहेब, तुम्हाला माझा नमस्कार. खरा.

आणि 'दर्यावर्दी' लिहिणाऱ्यांनो, काकू काय बोलल्या तेवढं इथं लिहून ठेवतो.

साहेबांना पोहता येत नव्हतं.