विचारून शिकवायचं गाणं

ज्याचं नावही मी विचारलं नाही, त्याच्याबद्दल लिहायचं म्हणजे आगाऊपणाच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहिण्याची सवय नाही. सांभाळून घ्यावं.

महाडहून पोलादपूरला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर बोटांनी ठेका धरायचा आणि मधेच मोबाइल बघायचा. लंडनच्या एका शाळेत देशोदेशीच्या मुलांना घानाचे ढोल शिकवतो, सुट्टीत गावी आलोय, असं त्यानं सांगितलं.

पुढच्या सीटवरची मावशी वळली. "तिकडं त्यांची माणसं नाय काय रे? तू कशाला?"

"हायत ना मावशी. माझा गुरू घानाचाच हाय." गुरू म्हणताना त्यानं कानाची पाळी धरली. "त्याच्या गावचं पेरणीचं गाणं पोरांकडून बसवून घ्यायचंय. तो गावाला विचारायला गेलाय. नाय म्हणाले तर नाय शिकवणार."

"लंडनात कोण बघतंय?"

"आपल्या जाखडीत दुसऱ्या शाहिराचं गाणं न विचारता म्हणतात काय?"

जाखडी म्हणजे आमचा गणपतीतला नाच. त्याची रीत कुणीतरी लंडनच्या वर्गात पाळतंय, हे ऐकून माझी मान आपोआप ताठ झाली.

पोलादपूरला उतरताना त्याचा फोन वाजला. ऐकत तो पायरीवरच थांबला. मागून कंडक्टर म्हणाला, "उतरा की भाऊ."

"शिकव म्हणालेत," त्यानं वळून मावशीला सांगितलं. "एवढं विचारणारा मास्तर कुठला, म्हणून तिकडच्या गावानं चौकशी केली. गुरूनं सांगितलं, पोलादपूरचा."